मिठात क्लोरीन, औषधातही क्लोरीन

ऑगस्ट-सप्टेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रात गेलात, तर काउंटरमागच्या फळ्यांवर प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन, क्लोरपायरिफॉस, फिप्रोनील अशी डब्यांची रांग दिसते. पऱ्हाटी पात्यावर आलेली असते, आभाळ भरलेलं असतं आणि दुकानदाराला बोलायला सवड नसते. अशा वेळी डब्यासोबतचं माहितीपत्रक वाचतो तो बहुधा घरातला बारावी सायन्सला असलेला मुलगा किंवा मुलगी. बारीक अक्षरात ‘ब्रोमो’, ‘क्लोरो’ असे तुकडे दिसतात आणि एक रास्त प्रश्न येतो. मिठातही क्लोरीनच आहे ना? मग मीठ भाजीत आणि हे कुलपात, असं का?

“अहो, प्रमाणाचा फरक आहे,” असं सांगून हा प्रश्न टोलवता येतो. पण ते उत्तर अपुरं आहे. खरं उत्तर क्लोरीन कोणाला आणि कसा बांधलेला आहे, आणि तिथून उठायला तो किती तयार आहे, यात दडलेलं आहे. बारावीच्या रसायनशास्त्रातलं हॅलोजन डेरिव्हेटिव्हजचं प्रकरण याबद्दलच आहे. मुलं ते मार्कांसाठी पाठ करतात. या जिल्ह्यात ते जरा वेगळ्या कारणासाठी वाचायला हवं. २०१७ च्या खरिपात इथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले.

१. सुटा आणि बांधलेला

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन ही हॅलोजन कुटुंबातली चार नेहमीची मंडळी. चौघांनाही एकेका इलेक्ट्रॉनची ओढ असते. मिठात क्लोरीननं तो इलेक्ट्रॉन सोडियमकडून पुरता घेतलेला असतो. त्याचं ‘क्लोराइड’ झालेलं असतं आणि आता त्याला कोणाकडून काही नको असतं. हेच क्लोराइड आपल्या रक्तात, घामात आणि जठराच्या आम्लात असतं. ते शरीरात कोणाची मोडतोड करत नाही.

कार्बनशी गाठ पडली की व्यवहार बदलतो. कार्बनला चार बंध करायचे असतात. गोबर गॅसमधला मिथेन म्हणजे एक कार्बन आणि त्याला जोडलेले चार हायड्रोजन. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवला की क्लोरोमिथेन तयार होतो. हा सगळ्यात साधा अल्किल हॅलाइड. एकेरी बंधांनी जोडलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळीतला एक हायड्रोजन काढला की जो तुकडा उरतो तो अल्किल, आणि त्या जागी आलेला हॅलोजन हा हॅलाइड.

इथे इलेक्ट्रॉनची जोडी दोघांच्या सामाईक मालकीची असते, पण वाटणी समान नसते. हॅलोजन जोडी आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कार्बनवर थोडा धनभार येतो. ज्या रेणूकडे किंवा आयनाकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी आहे, मग ते पाणी असो, अमोनिया असो की प्रथिनातला गंधक, त्याला हा उपाशी कार्बन खुणावतो. अशा इलेक्ट्रॉनवाल्याला न्यूक्लिओफाइल म्हणतात. अल्किल हॅलाइडांचं बहुतेक रसायनशास्त्र या एका असमान वाटणीतून निघतं.

२. नावावरून पत्ता

रसायनांची नावं भीतीदायक वाटतात, पण ती पत्त्यासारखी वाचायची असतात. आधी कार्बनची सगळ्यात लांब साखळी शोधायची. एका कार्बनला मिथेन, दोनाला इथेन, तिनाला प्रोपेन, चाराला ब्यूटेन. मग कार्बनना एका टोकापासून क्रमांक द्यायचे, पण अशा टोकापासून की साखळीला लागलेल्या गटांना शक्य तेवढे लहान आकडे मिळतील.

एक उदाहरण करून पाहू. चार कार्बनची साखळी आहे आणि डावीकडून तिसऱ्या कार्बनवर क्लोरीन आहे. डावीकडून मोजलं तर ३ येतात, उजवीकडून मोजलं तर २. म्हणून नाव २-क्लोरोब्यूटेन. तीन कार्बनच्या साखळीत ब्रोमीन टोकाला असेल तर १-ब्रोमोप्रोपेन, मध्ये असेल तर २-ब्रोमोप्रोपेन. मधल्याच कार्बनवर क्लोरीन आणि आणखी एक कार्बन लटकत असेल, तर २-क्लोरो-२-मिथाइलप्रोपेन. यालाच जुन्या नावानं टर्शरी ब्यूटाइल क्लोराइड म्हणतात. दोन वेगवेगळे हॅलोजन आले तर ब्रोमो आधी, क्लोरो नंतर, कारण क्रम रोमन वर्णमालेचा आहे. आपल्या क-ख-ग नं लावला तर उलटं होईल आणि परीक्षेत मार्क जातील.

या नावांतून एक कामाची गोष्ट कळते. हॅलोजन ज्या कार्बनवर बसला आहे त्याला आणखी किती कार्बन जोडलेले आहेत? एक असेल तर तो हॅलाइड प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. १-ब्रोमोप्रोपेन प्राथमिक, २-ब्रोमोप्रोपेन द्वितीयक आणि टर्शरी ब्यूटाइल क्लोराइड तृतीयक. अणूंची मोजदाद सारखी असूनही पहिले दोघं फार वेगळे वागतात.

३. गाठ किती घट्ट

एक कार्बन आणि एक हॅलोजन यांचा बंध तोडायला किती ऊर्जा लागते, याचे पाठ्यपुस्तकी आकडे मिथाइल हॅलाइडांसाठी असे आहेत: फ्लोरीनला मोलमागे सुमारे ४५२ किलोज्यूल, क्लोरीनला ३५१, ब्रोमीनला २९३ आणि आयोडीनला २३४. अणू जितका मोठा तितका बंध लांब आणि सैल. शिवाय आयोडाइड एकदा सुटलं की आपला ऋणभार ऐसपैस अंगावर पसरून निवांत राहतं. म्हणून उठून जाण्यात आयोडीन सगळ्यात तयार, मग ब्रोमीन, मग क्लोरीन. फ्लोरीन जवळजवळ हलतच नाही. कारखान्यांत स्वस्त म्हणून क्लोराइड घेतात आणि ते अडून बसलं की ब्रोमाइडकडे वळतात.

४. घर रिकामं होण्याच्या दोन तऱ्हा

भाड्याच्या घराचं उदाहरण घेऊ. घर म्हणजे कार्बन, सध्याचा भाडेकरू म्हणजे हॅलोजन आणि घर हवं असलेला नवा माणूस म्हणजे न्यूक्लिओफाइल.

पहिल्या तऱ्हेत नवा माणूस मागच्या दारानं सामान घेऊन आत शिरतो आणि त्याच क्षणी जुना पुढच्या दारानं बाहेर पडतो. मध्ये घर कधीच रिकामं नसतं. पुढून येणं जमत नाही, कारण तिथे जुनाच उभा आहे. यासाठी मागचं अंगण मोकळं लागतं. अंगणात पऱ्हाट्यांचे ढीग रचलेले असतील तर मागच्या दारापर्यंत पोचताच येणार नाही. कार्बनला लटकलेले इतर कार्बन म्हणजे हेच ढीग. म्हणून मिथाइल हॅलाइड सगळ्यात चपळ, प्राथमिक त्याहून मंद, द्वितीयक बराच मंद आणि तृतीयक या वाटेनं जवळपास बंदच. इथाइलचा वेग १ धरला तर मिथाइलचा सुमारे ३० आणि मध्ये बसलेल्या आयसोप्रोपिलचा ०.०२ भरतो. मागून आलेल्या धक्क्यानं कार्बनवरचे बाकीचे तीन बंधही पलीकडे उलटतात. पाउल वाल्डेन या रसायनज्ञानं ही उलटापालट १८९६ मध्येच पाहिली होती. तिचा उलगडा मात्र १९३० च्या दशकात लंडनमध्ये ह्यूज आणि इंगोल्ड यांनी केला. पाठ्यपुस्तकात या वाटेचं नाव एसएन-२ आहे, कारण वेग ठरवणाऱ्या घडीला दोघं हजर असतात.

दुसऱ्या तऱ्हेत भाडेकरू आधी निघून जातो, घर काही काळ उघडं पडतं आणि मग जो जवळ असेल तो शिरतो. ही एसएन-१. उघडा पडलेला कार्बन धनभारित असतो, आणि शेजारी तीन कार्बन असतील तर ते आपले इलेक्ट्रॉन सरकवून त्याला सावरतात. म्हणून पहिल्या तऱ्हेत अडून बसलेला तृतीयक हॅलाइड इथे आघाडीवर असतो. पाण्यात विरघळलेला टर्शरी ब्यूटाइल क्लोराइड साध्या तापमानाला अर्ध्या मिनिटाच्या आत निम्मा संपतो. घाई मात्र जुन्याच्या जाण्याची असते. नवा किती उतावीळ आहे, यावर या वाटेचा वेग ठरत नाही.

५. जे उठतच नाहीत

आता कृषी केंद्राच्या फळीकडे परत पाहू. प्रोफेनोफॉसच्या रासायनिक नावात ‘४-ब्रोमो-२-क्लोरोफिनाइल’ हा तुकडा आहे. ब्रोमीन चांगला उठणारा, हे आपण आत्ताच शिकलो. मग विषाचं काम ब्रोमीन करत असेल, असं वाटणं साहजिक आहे. तो तर्क चुकतो, कारण इथे ब्रोमीन अल्किल कार्बनवर बसलेला नाही. तो बेंझिनच्या सहा कार्बनी कड्यावर बसला आहे. ब्रोमीनची एक मोकळी जोडी कड्यातल्या इलेक्ट्रॉनांत थोडी मिसळते आणि बंध घट्ट करते. मागचं दारही कड्याच्या आतच उघडतं, म्हणजे तिथून येणं अशक्य. सायपरमेथ्रिनमधले दोन क्लोरीन दुहेरी बंधाच्या कार्बनवर आहेत, आणि त्यांचीही तीच गत आहे.

नावातला हॅलोजन पाहून विष ठरवणं म्हणूनच निरुपयोगी आहे. तो कुठल्या कार्बनवर बसला आहे ते आधी पाहायचं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट एवढीच आहे, बाकीचे तपशील तिला पुरवणी आहेत.

६. जोडीनं बाहेर: बीएचसी आणि डीडीटी

अल्किल हॅलाइडला आणखी एक वाट असते. एखादा अल्कली शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो, त्याच वेळी हॅलोजन सुटतो आणि दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. याला एलिमिनेशन म्हणतात. इथे एक अट आहे. जाणारा हायड्रोजन आणि जाणारा हॅलोजन एकमेकांच्या विरुद्ध अंगाला असले तर हे काम सहज होतं.

ही अट किती महाग पडू शकते ते बीएचसी पावडरीनं दाखवलं. पन्नाशीच्या पुढच्या शेतकऱ्यांना १० टक्क्यांची ती भुकटी आणि तिची धुरळणी आठवत असेल. घराघरांत ती गॅमेक्सिन म्हणूनही ओळखली जायची. तिचं खरं नाव १,२,३,४,५,६-हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. सहा कार्बनांचं एकेरी बंधांचं कडं आणि प्रत्येक कार्बनवर एक क्लोरीन, एक हायड्रोजन. हा मात्र अस्सल अल्किल हॅलाइड आहे. फॅरडेनं तो १८२५ मध्ये पहिल्यांदा बनवला.

सगळा खेळ क्लोरीन कड्याच्या वर की खाली, यात आहे. कारखान्यात हे मिश्रणच तयार व्हायचं: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा वगैरे. सगळ्यांचं सूत्र एक, फक्त वर-खालीची मांडणी वेगळी. कीड मारायचा तो गॅमा, आणि मिश्रणात त्याचं प्रमाण साधारण ८ ते १५ टक्के. हा वेगळा काढला की त्याला लिंडेन म्हणतात, १९१२ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या व्हॅन डर लिंडेन यांच्या नावावरून. बाकी सगळा माल शेतकरी विनाकारण शेतात उधळत होता.

बीटाची मांडणी कागदावर काढून पाहा. क्लोरीन एकाआड एक: वर, खाली, वर, खाली, वर, खाली. पहिल्या कार्बनवर क्लोरीन वर आहे. शेजारच्यावर क्लोरीन खाली, म्हणजे त्याचा हायड्रोजन वर. दोघं एकाच अंगाला आले. कड्याभोवती कुठेही फिरा, विरुद्ध अंगाची जोडी सापडतच नाही. एलिमिनेशनची अट पुरी होत नाही, त्यामुळे अल्कलीपुढे बीटा इतर प्रकारांपेक्षा हजारो पटींनी मंद विघटतो. जो गॅमा उपयोगी होता तो लवकर मोडतो, आणि बिनकामाचा बीटा माती, दूध आणि चरबीत साचून राहतो. भारतात बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे. लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला.

डीडीटीची गोष्ट याच्या उलट आहे. पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चं नोबेल मिळालं. त्यात पाच क्लोरीन आहेत. दोन बेंझिनच्या कड्यांवर, म्हणजे न उठणारे, आणि तीन एका टोकाच्या अल्किल कार्बनवर. फवारणीला सरावलेल्या घरमाशीकडे एक एन्झाइम असतं. ते शेजारचा हायड्रोजन आणि त्या तिघांपैकी एक क्लोरीन जोडीनं काढून घेतं. उरतो डीडीई. माशी वाचते. पण आता उरलेले दोन क्लोरीन दुहेरी बंधाच्या कार्बनवर आले, म्हणजे तेही न उठणाऱ्यांत गेले. त्यामुळे डीडीई वर्षानुवर्षं टिकतो, आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली ती त्याच्यामुळे.

७. धान्यातली काचेची कुपी

घरोघरी तूर-गहू साठवताना ईडीबीची काचेची कुपी वापरली जायची. फडक्यात गुंडाळून ती कोठीत फोडायची आणि झाकण लिंपून टाकायचं. ईडीबी म्हणजे १,२-डायब्रोमोइथेन. दोन कार्बन, दोघांवर एकेक ब्रोमीन, दोन्ही प्राथमिक. मागची दोन्ही दारं मोकळी.

आपल्या यकृतात ग्लुटाथायॉन नावाचा गंधकधारी रेणू असतो आणि परकी रसायनं धरून बाहेर काढणं हे त्याचं काम. ईडीबी आलं की हा गंधक मागून शिरतो आणि पहिला ब्रोमीन उठवतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण गंधकाकडे अजून एक मोकळी जोडी असते आणि शेजारीच दुसरा ब्रोमीन बसलेला असतो. गंधक त्याच रेणूतून वळून तोही उठवतो. तयार होतं तीन अणूंचं ताणलेलं, धनभारित कडं, आणि ते सरळ डीएनएला जाऊन चिकटतं. शरीराच्या राखणदारानंच विषाला धार लावून दिली. प्राण्यांमध्ये ईडीबीनं कर्करोग होतो हे सिद्ध झालं. भारतात त्यावर जुलै २००१ मध्ये बंदी आली.

गोदामात धुरी देण्यासाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड याचाच चुलतभाऊ. तो ४ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून सिलिंडरमधून वायू म्हणूनच येतो. मिथाइल असल्यानं त्याच्या मागच्या दारासमोर काहीच अडथळा नसतो, म्हणून कीड, माणूस असा भेद न करता तो प्रथिनांना मिथाइल चिकटवतो. वरच्या हवेत गेला की त्याचा ब्रोमीन ओझोन खातो. म्हणून मॉन्ट्रियल करारानं त्याचा वापर आवळला. आयात-निर्यातीच्या मालाच्या धुरीपुरती सूट ठेवली.

८. प्रोफेनोफॉस आणि पॅम

२०१७ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्यातलं एक होतं प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के यांचं मिश्रण. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारा चेहऱ्यावरच येत होता, हवा दमट होती, एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती आणि अंगात साधा सदरा.

प्रोफेनोफॉस हा अल्किल हॅलाइड नाही, पण त्याच्या जन्मात एक अल्किल हॅलाइड आहे. कारखान्यात शेवटच्या टप्प्यात फॉस्फरसला जोडलेला गंधक १-ब्रोमोप्रोपेनच्या टोकाच्या कार्बनवर मागच्या दारानं शिरतो. ब्रोमाइड उठतं आणि गंधकाला तीन कार्बनची प्रोपिल शेपटी लागते. म्हणून रासायनिक नावात ‘एस-प्रोपिल’ येतं. इथे २-ब्रोमोप्रोपेन चालत नाही. मागचं अंगण भरलेलं असल्यानं काम रेंगाळतं, आणि शेपटीही वेगळी लागते.

शरीरात अशी औषधं एका एन्झाइमला पकडतात. नसा स्नायूला हुकूम देतात तो अॅसिटिलकोलीन या रेणूमार्फत, आणि हुकूम पोचला की तो रेणू मोडायचं काम हे एन्झाइम करतं. एन्झाइमचा ऑक्सिजन औषधातल्या फॉस्फरसवर चढतो, तिथला एक गट उठून जातो आणि एन्झाइमचं तोंड बुजतं. हुकूम मोडला जात नाही, साचत राहतो. लाळ, घाम, डोळ्यांतली बारीक झालेली बाहुली, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास अडकणं, हे सगळं त्या साचण्यातून येतं. अॅट्रोपिन लाळ-घामासारख्या स्रावांची बाजू सांभाळतं. एन्झाइमचं तोंड मोकळं करायला दुसरं इंजेक्शन लागतं. डॉक्टर त्याला पॅम म्हणतात, पूर्ण नाव प्रॅलिडॉक्झिम. ते १९५५ च्या सुमारास पुढे आलं.

पॅमही अल्किल हॅलाइडपासूनच बनतो. पिरिडीन नावाच्या कड्यातला नायट्रोजन मिथाइल आयोडाइडच्या कार्बनवर मागून चढतो. मिथाइल त्याला चिकटतो आणि आयोडाइड उठतं, पण लांब जात नाही. ऋणभार घेऊन शेजारीच राहतं, म्हणून आपल्याकडच्या कुप्यांवर ‘प्रॅलिडॉक्झिम आयोडाइड’ लिहिलेलं असतं. रेणूच्या दुसऱ्या टोकाचा ऑक्सिजन एन्झाइमला चिकटलेल्या फॉस्फरसवर चढतो आणि त्याला उपटून काढतो.

हे वेळेत व्हावं लागतं. अडकलेल्या फॉस्फरसवरची एक अल्किल शेपटी काही तासांत, कधी दिवसाभरात गळून पडते, आणि मग पॅमला तो उपटता येत नाही. २००६ मध्ये बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दर चार तासांनी एकदा दिलेल्या पॅमपेक्षा पहिले दोन दिवस सतत दिलेल्या जास्त मात्रेनं फायदा झाला, असं त्यात दिसलं. नंतरच्या श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र तसा फायदा आढळला नाही, आणि वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. ज्यांच्या गंधकाला अल्किल शेपटी आहे, त्या प्रोफेनोफॉससारख्या औषधांत तर पॅम जवळपास निष्प्रभ ठरतो, असं तिथल्याच रुग्णांत दिसलं. १-ब्रोमोप्रोपेनमधून आलेली तीच तीन कार्बनांची शेपटी. अशा रुग्णासाठी डॉक्टरांच्या हातात उरतं ते अॅट्रोपिन, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर. कोणतं औषध फवारलं हे दवाखान्यात पोचताच कळलं तर उपचाराची दिशा लवकर ठरते. म्हणून रुग्णासोबत औषधाचा डबाही न्यायचा, रिकामा असला तरी.